तापल्या छपरांची मंडळी

एका शाळेच्या प्रयोगशाळेत ती एकतीस वर्षं मदतनीस होती. एकदा मुख्याध्यापकांच्या हातून थर्मामीटर फुटला आणि पारा फरशीभर धावला, तेव्हा "हात लावाल तर खबरदार!" असं त्यांनाच दरडावून तिने पोस्टकार्डावर एकेक थेंब गोळा केला होता. त्या दिवसापासून तिचं नाव पारामावशी पडलं. पुढे ती निवृत्त झाली, नाव काही निवृत्त झालं नाही.

ती आणि तिची थोरली बहीण एका जुन्या इमारतीच्या शेवटच्या मजल्यावर राहत. लग्नाचं दोघींनीही कधी मनावर घेतलं नव्हतं. दोन खोल्या, वर पत्रा. एका उन्हाळ्यात ताई दुपारी भोवळ येऊन पडली. डॉक्टर म्हणाले, "यांना थंड जागी ठेवा."

"थंड जागा कुठल्या दुकानात मिळते तेही चिठ्ठीवर लिहून द्या," पारामावशी म्हणाली.

घरी येऊन तिने ताईच्या उशाशी थर्मामीटर टांगला. दुपारी तीन वाजता एकेचाळीस अंश. आठवडाभर तिने रोज तीनदा आकडा लिहिला आणि मग वाचनालयाच्या फळ्यावर एक कागद चिकटवला: 'ज्यांचं छप्पर तापतं त्यांनी रविवारी सकाळी दहा वाजता मागच्या खोलीत यावं. उपाय कुणाला ठाऊक असेल तर त्यानेही यावं.'

पहिल्या रविवारी चौघे आले. एक वायरमन होता, एक लेडीज टेलर होते, एक सडपातळ इंजिनिअर होता, आणि चौथे गृहस्थ बुद्धिबळाचा वर्ग समजून आले होते. ते पंधरा मिनिटं पट कधी मांडणार म्हणून वाट बघत बसले आणि मग त्यांच्याही घरावर पत्राच आहे म्हणून बसूनच राहिले.

इंजिनिअरची नोकरी नुकतीच सुटली होती. हवा तापते का, पृथ्वी किती तापली, यावर तो तासभर बोलू शकायचा. मावशीने त्याला मध्येच थांबवलं. "पृथ्वीचं पुढच्या रविवारी बघू. माझ्या बहिणीच्या खोलीचं सांग."

तो दुसऱ्याच दिवशी घरी आला. पत्र्याच्या खाली वीतभर जागा सोडून त्याने स्वतःच्या हातांनी दुसरं छत ठोकलं, दोन्ही टोकांना वारा खेळायला झरोके ठेवले. चार दिवस लागले. ताई खालून सूचना देत होती आणि तो "हो ताईमावशी, हो ताईमावशी" करत खिळे मारत होता. तीनचा आकडा एकेचाळीसवरून पस्तिसावर आला. त्या संध्याकाळी ताई त्याला म्हणाली, "तू आमच्या घरचाच." दोन महिन्यांत तो पारामावशीला 'तुम्ही'वरून 'तू' म्हणायला लागला, आणि तिला ते आवडलं.

मग रविवार वाढत गेले. मंडळी कुणाच्या तरी गच्चीवर जमायची, खरंखुरं काम हात लावून बघायची. कुणी सौरपंखा आणायचं, कुणी ओल्या पडद्याचा कूलर, कुणी जुन्या गोधड्या शिवून केलेलं छताचं अस्तर. ते अस्तर टेलरकाकांचं. त्यांना कापडापलीकडे कशातच गती नव्हती, पण कापडाच्या पुढे ते इंजिनिअरलाही मोजत नसत. इंजिनिअरने तापमान आपोआप टिपणाऱ्या छोट्या डब्या बनवल्या. त्या पन्नास घरांत लागल्या. आकडे त्याच्या संगणकात जमायचे. मावशीला संगणकाचं वावडं नव्हतं, पण प्रयोगशाळेची सवय जाईना, म्हणून ती दर रविवारी सगळे आकडे वहीतही उतरवून घ्यायची. वायरमन तिची चेष्टा करायचा, "मावशी, वीज गेली तरी तुमची वही चालू!"

चार वर्षांत चौघांचे साठ झाले. खोली पुरेना म्हणून लोक व्हरांड्यात उभे राहू लागले. आपण काही मोठं करतोय असं पारामावशीला कधी वाटलं नाही. पण शनिवारी ती खुर्च्या मोजायची आणि कमी पडणार म्हणून खूश व्हायची.

चौथ्या वर्षी एका कंपनीने छपराला लावायचा पांढरा थंड लेप पाठवला. तपासून बघा म्हणाले. मंडळींनी पाच छपरांवर लावला. पहिल्या महिन्यात खोल्या आठ अंशांनी उतरल्या. लोक टाळ्या वाजवायचे बाकी होते. मावशी म्हणाली, "वर्ष होऊ दे. मग टाळ्या." पावसानंतर लेपावर काळी बुरशी धरली, थंडीत त्याचे पापुद्रे निघाले, आणि पुढच्या उन्हाळ्यात फरक उरला एक अंशाचा.

"येत्या रविवारी सांगून टाकू," ती म्हणाली.

इंजिनिअर म्हणाला, "महिनाभर थांब ना मावशी. दोन डब्या बिघडल्यात असं वाटतंय. उगाच कुणाचं नाव खराब नको व्हायला."

त्याचं म्हणणं रास्त होतं. तपासल्याशिवाय बोलू नये हे तिनेच त्याला शिकवलं होतं. ती थांबली.

तो महिना संपत आला असताना टेलरकाका जिना चढून धापा टाकत आले. सहसा आधी ताईची चौकशी करणारा माणूस, त्या दिवशी दारातच उभा राहिला. हातात चकचकीत पत्रक होतं.

"हे बघून मी लेप लावून घेतला," ते म्हणाले. "माझ्या सांगण्यावरून गल्लीतल्या नऊ जणांनी लावला. काल हाताने खरवडला तर पोपडा हातात आला. मावशी, तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

पत्रकावर तिचाच फोटो होता. गच्चीवर, हातात थर्मामीटर, ओठांवर हसू. खाली लिहिलं होतं: 'लोकांनी मोजलं, लोकांनी मानलं. आठ अंश थंड!' आणि त्याखाली मंडळींचं नाव.

तो फोटो इंजिनिअरने काढला होता. "जरा हस की मावशी, परीक्षा घेतेयस का छपराची?" असं म्हणाला होता, म्हणून ती हसली होती.

तिने त्याला फोन लावला. तो उचलला गेला नाही. मग वायरमनला लावला. वायरमन म्हणाला, "मला वाटलं तुम्हाला सांगून झालंय."

"काय सांगून झालंय?"

"तो तीन महिन्यांपासून त्या कंपनीत आहे ना. लेप लावायचं काम मलाच दिलंय. आपल्यातले बरेच जण... मावशी, मला वाटलं तुमची संमती आहे. फोटो होता तुमचा."

तीन महिने. म्हणजे 'थांब ना मावशी' म्हणाला तेव्हा तो तिकडचा झाला होता. या तीन महिन्यांत तो दर आठवड्याला घरी येत होता, ताईची उशी सारखी करत होता. कुणी केसाने गळा कापला असं आपण बोलताना सहज म्हणतो. पारामावशीने त्या दिवशी खरंच गळ्यावरून हात फिरवला.

पुढच्या रविवारी वाचनालयाच्या खोलीत ती आणि टेलरकाका दोघेच होते. बाकी सगळे गावातल्या मोठ्या सभागृहात गेले होते. कंपनीने तिथे हवामान तंत्रज्ञानाचा मेळावा ठेवला होता, त्याच दिवशी, त्याच दहाच्या ठोक्याला. आमंत्रण साठही जणांना गेलं होतं. नावं आणि नंबर कुठून मिळाले हे विचारायची गरज नव्हती.

"चला," ती टेलरकाकांना म्हणाली, आणि वही पिशवीत टाकली.

सभागृहाच्या दारात एका मुलीने यादीत तिचं नाव शोधलं. सापडलं नाही. मग हसून एक कोरा बिल्ला दिला, त्यावर फक्त 'पाहुणे' असं छापलेलं. आत गारेगार होतं. मंचावर इंजिनिअर नव्या कोटात उभा होता आणि सूत्रसंचालक त्याची ओळख 'या मंडळींचे संस्थापक' अशी करून देत होते. पुढच्या रांगांत सगळे ओळखीचे चेहरे. बुद्धिबळवाल्या गृहस्थांनी तिला पाहिलं आणि मान दुसरीकडे वळवली.

मध्यंतरात तो स्वतःच तिच्याकडे आला.

"मावशी, तुम्ही आलात, बरं झालं."

त्याने 'तुम्ही' म्हटलं. बाकी काही बोलला नसता तरी तेवढ्यावरून तिला सगळं कळलं असतं.

"एक अंश," ती म्हणाली. "पत्रकावर आठ कसे?"

"आठ खोटे नाहीत. तुम्हीच लिहिलेत."

"पहिल्या महिन्याचे लिहिले. बाराव्या महिन्याचेही मीच लिहिले."

"कंपनी लेप सुधारतेय. पुढचा चांगला निघेल. अशा गोष्टींना वेळ लागतो, पाठिंबा लागतो. खोलीत साठ माणसं बसवून हवामान बदलत नाही, मावशी."

"नसेल बदलत. पण त्या साठ माणसांशी आपण खोटं बोललो नव्हतो."

"मी खोटं बोललेलो नाही."

"तेच तर," ती म्हणाली. "खोटं बोलला असतास तर मला पकडता आलं असतं."

तो घड्याळाकडे बघायला लागला. तिला वाटलं होतं आपण रडू किंवा ओरडू. तसलं काही झालं नाही. ती सरळ मंचाच्या जिन्याजवळच्या ध्वनिक्षेपकापाशी गेली. चहा घेऊन लोक जागेवर परतत होते. तिने वही उघडली आणि मुलांची हजेरी घ्यावी तशा आवाजात वाचायला सुरुवात केली. पहिलं छप्पर, पहिला महिना, आठ. सहावा महिना, चार. बारावा, एक. दुसरं छप्पर... चौथ्या छपरावर आली तेव्हा कुणीतरी ध्वनिक्षेपक बंद केला. पाचवं तिने तसंच वाचलं. पुढच्या तीन रांगांना ऐकू गेलं असेल.

कुणी टाळी वाजवली नाही. कुणी तिची बाजूही घेतली नाही. टेलरकाका तेवढे उभे राहिले, आणि दोघं बाहेर पडली.

ती पुढे नऊच्या नऊ घरी गेली. वही दाखवली, माफी मागितली. दोन दारं तोंडावर बंद झाली. एक बाई म्हणाली, "फोटोत तर छान हसत होतात." महिन्याभराने कंपनीने पत्रकातून तिचा फोटो काढला आणि दुसऱ्या कुणाचा तरी घातला. आठ अंश तसेच राहिले.

रविवार तिने बंद केला नाही. आधी सात जण यायचे, वर्षाअखेरीस वीस झाले. आता तिथला नियम असा की जे फसलं ते आधी वाचायचं. सहा महिन्यांनी वायरमन आला आणि दाराशी घुटमळला. तिने त्याला खुर्ची दिली. तापमान टिपायच्या नव्या डब्या बनवायला तो तयार होता, पण आकडे दोघांच्या वहीत उतरवल्याशिवाय आता ती मानत नाही. तो एकदा दुखावून म्हणाला, "अजून विश्वास नाही का?" ती म्हणाली, "नाही." आणि आकडा सांगायला लावला.

सगळ्यात लागलं ते मात्र घरातच. एका दुपारी ती बाजारातून लवकर परतली, तर ताई फोनवर खळखळून हसत होती. "अरे, तू ठोकलेला एक झरोका किरकिरतो बघ," असं म्हणत होती. मावशीला पाहून तिचं हसू विरलं, पण फोन तिने ठेवला नाही.

"किती दिवस?" मावशीने विचारलं.

"पहिल्यापासून. दर बुधवारी करतो तो."

"आणि तू मला सांगितलं नाहीस."

"तुझं त्याच्याशी भांडण आहे, ते खरंच आहे. तो वाईटच वागला," ताई म्हणाली. "पण या खोलीत मी जिवंत आहे ती त्याच्यामुळे. मी काय करू, सांग." तिने फोन पुढे केला. "बोलतेस?"

फोनमधून बारीक आवाज येत होता, "मावशी? मावशी?"

पारामावशीने पिशवी खाली ठेवली. फोनकडे हात केला नाही. ती स्वयंपाकघरात गेली आणि भाजी निवडायला बसली, आणि बाहेर ताई हळू आवाजात त्याला म्हणाली, "आज नको. पुढच्या बुधवारी कर."