बर्निसची अट आणि ओर्व्हिलची कयाक

ओर्व्हिल कांगासला रिकामं बसवत नाही. बत्तीस वर्षं त्याने काउंटीच्या बर्फ काढायच्या गाड्या दुरुस्त केल्या, आणि निवृत्त झाल्यावर घरातल्या धडधाकट वस्तूही दुरुस्त करायला लागला. शेवटी त्याची बायको बर्निस म्हणाली, "बाबा रे, तळ्यावर जा, मासे धर, काय हवं ते कर, पण माझ्या टोस्टरला हात लावू नकोस." तेव्हा त्याने कयाक घेतली. पिवळीधमक, बारा फूट लांब, जाड प्लॅस्टिकची एकट्याची होडी, वर बसून गळ टाकायची. चार वर्षं दोघांचं, म्हणजे ओर्व्हिलचं आणि कयाकचं, झकास जमलं. टोस्टरही सुखात होता.

गेल्या ऑक्टोबरात ती उलटली. मोठासा वॉलआय मासा ओढून घेताना ह्याचा तोल गेला आणि गडी तळ्याच्या मधोमध पाण्यात. लाइफ जॅकेट होतं म्हणून बुडला नाही, पण परत वर चढता येईना. सहासष्टाव्या वर्षी, ऑपरेशन करून बदललेला खुबा, भिजून जड झालेले कपडे आणि पाणी असं गार की दातखीळ बसावी. दोनदा धडपडला, दोनदा घसरला, मग नुसता कयाकची कड धरून लोंबकळत राहिला. बदकं मारायला आलेल्या एका माणसाला ती पिवळी कड दिसली आणि त्याने मोटरबोटीतून येऊन ह्याला ओढून घेतलं. नाहीतर आटोपलंच होतं.

बर्निस रडली नाही, ओरडली नाही. त्याला गोधड्यांत गुंडाळून गरम सूप पाजलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलाशी बसवून म्हणाली, "मार्चमध्ये शाळेच्या पोहण्याच्या तलावात कयाकवाले सरावाला जमतात. तिथे माझ्या डोळ्यांदेखत उलट, आणि कुणाचा हात न घेता वर चढून दाखव. चढलास तर खुशाल जा तळ्यावर. नाही चढलास तर कयाक माझ्या भाच्याला."

"चालेल," ओर्व्हिल म्हणाला.

"शब्द?"

"शब्द."

नोव्हेंबर संपता संपता तळं गोठलं. बाकीची मंडळी बर्फावर झोपड्या ओढून नेऊन भोकातून मासे धरायला बसली. ओर्व्हिलला त्याचं वावडं. "बादलीवर बसून भोकाकडे टक लावायची, ह्याला काय मासे धरणं म्हणतात?" त्याने बर्निसची गाडी गॅरेजबाहेर काढली, कयाक दोन लाकडी घोड्यांवर चढवली, हीटर लावला आणि कामाला लागला. बर्निस बिचारी रोज सकाळी काचेवरचं बर्फ खरवडायची आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटायची.

आता मला सांगा, पाण्यातून वर चढायला काय लागतं? दंडात बळ लागतं, पोटात बळ लागतं. दवाखान्यातल्या बाईने व्यायामाचा कागद दिला होता, तो फ्रिजवर चिकटवलेला होता, आणि तिथेच पिवळा पडत होता. ह्या पठ्ठ्याने मात्र कयाकच्या कडेने गळाच्या काठ्या खोचायला चार खुंट बसवले. मासे कुठे आहेत ते दाखवणारा पडदा बसवला, त्याला लोखंडी दांडा, दांड्याला बिजागरी. मागे अवजारांचं क्रेट, कडेने नांगराची दोरी फिरवायला कप्प्या. सीट चार इंच उंच केली. एकेक भोक पाडताना श्वास रोखायचा, एकेका बोल्टाखाली रबराचं वॉशर, वर फटी बुजवायची लांबी, इतकं सुबक काम की बघत राहावं. पण रोग रेड्याला आणि औषध पखालीला!

दुपारी बर्निस पास्टी, म्हणजे मांस-बटाटा भरलेली भलीमोठी करंजी, आणि कॉफी घेऊन यायची आणि पाच मिनिटं उभी राहायची.

"हे काय नवीन?"

"खुंट. काठ्यांसाठी."

"एका वेळी काठ्या किती वापरतोस?"

"दोन."

"मग चार खुंट? उरलेल्या दोनांवर मी मोजे वाळत घालू का?"

"असू देत गं, लागतात."

"आणि उंच बसलास तर आणखी लवकर पडशील ना?"

ह्यावर ओर्व्हिलने पास्टीचा मोठा घास घेतला. बोलायला तोंड मोकळंच ठेवलं नाही.

खरं सांगायचं तर तो भ्याला होता. एकदा जानेवारीत, बर्निस बाजारात गेलेली बघून, त्याने तो कागद काढला आणि गॅरेजच्या फरशीवर पालथा पडून हातांवर अंग उचलायला गेला. सहाव्या वेळी दंड थरथरले आणि तळ्यातलं ते गार पाणी परत छातीपर्यंत आल्यासारखं वाटलं. तो तसाच उठला आणि ड्रिल मशीन हातात घेतलं. बोल्ट आवळला की आवळला जातो, त्याच्यावर विसंबता येतं. स्वतःच्या हातांवरचा त्याचा विश्वास उडाला होता, आणि हे बर्निसला सांगण्यापेक्षा त्याने पाचवा खुंटही बसवला असता.

मार्चचा तो रविवार उजाडला. शाळेच्या तलावाचा कारभार रोंडाकडे, पोहणं शिकवून निवृत्त झालेली, गळ्यात शिट्टी. ओर्व्हिलची कयाक पाण्यात उतरली तशी दहाबाराजण भोवती जमले.

"अरे, हिच्यात राहायलाच जाणारेस की काय?"

"स्वयंपाकघर कुठेय, ओर्व्हिल?"

ओर्व्हिलची छाती फुगली. बर्निस बाकावर मांडीवर पर्स घेऊन बसली होती, कोट घालून, ताठ. रोंडाने शिट्टी वाजवली आणि तो कलंडला.

कयाक सुलटी करण्यातच त्याची अर्धी दमछाक झाली. मग तिची कड धरून पाय मारत त्याने अंग वर फेकलं, तर जॅकेटचा पट्टा खुंटाला अडकला आणि हा एका खांद्यावर लटकला. सोडवला, परत फेकलं, तर पडद्याचा दांडा बरगडीत बसला आणि "आई गं" करत खाली आला. पुन्हा गेला, तेव्हा कोपरंच उचलेनात. आता कुणी थट्टा करत नव्हतं. रोंडाने हात पुढे केला.

"हात नको," ओर्व्हिल धापा टाकत म्हणाला. त्याने त्या खुंटांकडे बघितलं. चारही खुंट, जिथून चढायचं नेमकं तिथेच. अख्खा हिवाळा घालवून त्याने स्वतःच्या वाटेत कुंपण घातलं होतं.

"रोंडा, पाना आहे का?"

"माझ्याकडे शिट्टी आहे," रोंडा म्हणाली.

"त्याच्या पिकअपमध्ये आहे," बाकावरून बर्निस म्हणाली, आणि कुणी काही बोलायच्या आत उठून बाहेर गेली. परतली तेव्हा बुटांना चिखल-बर्फ आणि हातात पाना.

उथळ बाजूला कयाक कडेशी लावली. ओर्व्हिल छातीभर पाण्यात उभा राहून नट सैल करायला लागला, पण बोटं इतकी कापत होती की पाना सारखा निसटत होता. बर्निस ओल्या फरशीवर गुडघे टेकून बसली.

"सरक. आण इकडे."

"डावीकडे फिरव. आणि बोल्ट परत बसव हं, भोकातून पाणी जाईल."

"कळतंय मला."

"तो दांडा सांभाळून गं. दोन रविवार गेले त्याच्यात."

"माझेही गेले."

खुंट गेले, पडदा गेला, क्रेट गेलं, उंच केलेली सीटही निघाली. कयाक उघडीबोडकी झाली. ओर्व्हिलने तिला मधोमध ढकललं, खोल पाण्यात आला, कडेवर दोन्ही हात टेकले आणि जीव खाऊन पाय मारले. पोट वर आलं. क्षणभर तो तिथेच पोत्यासारखा आडवा पडला, जाईल की राहील कळेना. मग एक मांडी आत आली, मग दुसरी, आणि हळूहळू वळून तो बसला. टाळ्या पडल्या, रोंडाने तर शिट्टी फुंकली. बर्निस तेवढी टाळ्या वाजवत नव्हती.

तो वल्हवत कडेला आला.

"मला वाटत होतं, तुला जमू नये," ती हळूच म्हणाली. "सबंध हिवाळा वाटत होतं. भाच्याला सांगूनसुद्धा ठेवलंय, एप्रिलमध्ये ट्रेलर घेऊन ये म्हणून."

ओर्व्हिलने वल्हं मांडीवर आडवं ठेवलं. "मग पाना कशाला आणलास?"

"तू तिकडे तळ्यात लोंबकळत होतास ना, तेव्हा मी घरात बसून टीव्ही बघत होते," बर्निस म्हणाली. "आज निदान काही करता येत होतं."

त्याने ओला हात तिच्या बुटावर ठेवला. तिने नाक पुसलं, उभी राहिली आणि दोन पावलं मागे सरकली.

"एकदा चढलास ते नशिबाने. पुन्हा पड."

ओर्व्हिलचे दंड अजून थरथरत होते. त्याने कयाक परत खोल पाण्यात नेली, एकदा तिच्याकडे पाहिलं, आणि आपणहून कलंडला.