अर्ध्या भाकरीची सोबत

गुडघे मला उभं राहू देईनात, तेव्हा वाशीमच्या डॉक्टरांनी बजावलं, वजन उतरवा. त्या संध्याकाळी मी ज्वारीची भाकरी मोडून अर्धीच घेतली. उरलेली अर्धी आमच्या यांनी स्वतःच्या ताटात ओढली.

"तू एकटीच कायले उपाशी राह्यतं? मीबी अर्धीच खातो."

माणूस आधीच खारकेसारखा वाळका. त्यांच्या अंगावरून उतरवायला होतं तरी काय? मी विरघळले. जावेला, शेजारणीला, भाजीवालीलासुद्धा सांगत सुटले, की नवरा असावा तर असा. भुकेनं माझं डोकं फिरायचं, भांडी आपटायचे. पण समोर तेही अर्ध्यावरच उठताहेत म्हटल्यावर गप्प बसायचे. ते ताटात पालेभाजी, दही, मोड आलेले मूग जास्त घ्यायचे. मला वाटलं, असेल आवड.

उन्हाळ्याच्या तोंडावर वजन उतरलं, गुडघे जरा ताळ्यावर आले. त्याच सुमारास दिरांनी इंझोरीच्या शेतात रोडगे ठेवले. गोवऱ्यांच्या विस्तवात कणकेचे गोळे भाजले, वांग्याची भाजी झणझणीत झाली. मी हौसेनं यांच्या पत्रावळीवर अख्खा रोडगा कुस्करला आणि तुपाची वाटी उचलली. म्हटलं, "झालं आपलं डायटिंग. आता जेवा पोटभर."

यांनी पत्रावळीवर हात आडवा धरला.

"तुह्यं झालं. माह्यं नाई." मग दिराकडे वळून मोठ्या उत्साहानं सांगू लागले, "हिचं वजनापुरतं होतं. माह्यं अलग हाय. जिंदगीभर कमी खायचं, पन सत्त्वाचं सारं पोटात गेलं पाह्यजे. उंदरांवर प्रयोग केले, ते त्यानं जास्त जगतेत म्हनतेत. मानसाचं पक्कं नाई, पन मले नव्वदी पाहाची हाय."

दीर हसले. माझ्या हातातली वाटी तशीच राहिली. म्हणजे माझ्यासाठी काही नव्हतंच. मी ज्याला माया समजून गल्लीभर मिरवलं, तो त्यांचा स्वतःचा कार्यक्रम होता. मला अशी चीड आली, की तूप मातीत ओतावंसं वाटलं.

"मंग मले काहून नाई सांगतलं?" मी विचारलं. "मीबी केलं असतं ना तुमच्यासंग, जिंदगीभर."

ते गोंधळले. लपवलं होतं म्हणून नाही, प्रश्नच नवा होता म्हणून. भाजीत बोट बुडवून ते अगदी प्रेमानं म्हणाले, "तुले कायले तकलीफ देऊ वं? तू खाय ना सुखानं."

यात खोटं काहीच नव्हतं, हेच मला सोसेना. नव्वदीपर्यंतचं सगळं त्यांनी ठरवून ठेवलं होतं, आणि तिथवर मी सोबत असेन की नाही, हे त्यांच्या मनातसुद्धा आलं नव्हतं.