चोचीवरची काळी रेघ

मैत्रेय, उत्पला — हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. तुमच्या बाबांना नाही, माझ्या सख्ख्या बहिणीला नाही, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्या तुमच्या आजोबांना तर नाहीच. मग आता का? कारण मागच्या रविवारी उत्पलाने फोनवर विचारलं, "आजी, आपल्या हॉलमधल्या समुद्रपक्ष्याच्या फोटोखाली नाव चुकलंय. तो भटका अल्बट्रॉस नाही, शाही आहे. आजोबांना कळलं नाही का गं?"

आणि मी म्हणाले, "नसेल कळलं, बाळा."

अठ्ठ्याहत्तर वर्षांची मी, अकरा वर्षांच्या मुलीशी पुन्हा तेच खोटं बोलले. फोन ठेवला आणि स्वतःचा राग आला. म्हणून हे लिहिते आहे. रडगाणं गाणार नाही, आणि तुमचे आजोबा गेले म्हणून त्यांना देवमाणूसही करणार नाही. ते तसे नव्हते. मीही नाही.

आधी आमची कामाची रीत सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. आजोबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आणि त्यांनी कॅमेरा घेतला. लांब भिंगाला डोळा लावला की माणसाला समोरचा एक तुकडा तेवढा दिसतो. बाकी आभाळ दिसत नाही. ते आभाळ मी बघायची. पवनीच्या आसपासच्या बोड्यांवर — बोडी म्हणजे आपल्याकडचा लहान तलाव — ते पुढे, मी मागे. पक्षी दिसला की 'अजी' अशी हाक मारून मी घड्याळाच्या काट्यांवरून दिशा सांगायची: समोर बारा, उजवीकडे तीन, डावीकडे नऊ. "अजी, दहा वाजता. खाली, पाण्याला लागून." ते तिकडे वळायचे आणि बटण दाबायचे. कोणता पक्षी, हे मी पाहताक्षणी छोट्या वहीत पेन्सिलीने लिहायची. घरी येऊन मोठ्या रजिस्टरमध्ये नाव, जागा, तारीख, मराठीत आणि इंग्रजीत. मी इंग्रजीची मास्तरीण. पुस्तकं मी वाचायची. त्यांनी माझं एकही लेबल कधी तपासलं नाही. एकदाही नाही. तेवढा विश्वास.

मग आम्ही विमानाने तिकडे परदेशात, तुमच्याकडे आलो. उत्पला, तू तेव्हा आईच्या पोटात होतीस. तुमचे बाबा आम्हा दोघांना धक्क्यावर सोडून घरी परतले, आणि आम्ही बारा माणसांच्या एका बोटीतून पक्षी बघायला समुद्रात गेलो. जमीन दिसेनाशी झाली. बोट चालवणाऱ्या बाईंनी माशांच्या काळजांनी भरलेली एक जाळीची पिशवी मागे पाण्यात सोडली, पक्षी जवळ यावेत म्हणून. तो वास आणि डिझेलचा धूर एकत्र झाला, आणि आजोबा कठड्यावर वाकले ते वाकलेच. पोटात होतं नव्हतं तेवढं बाहेर. मी पवनीच्या घाटावर ढिवरांच्या जाळ्यांजवळ लहानाची मोठी झालेली. मला माशांच्या वासाचं काय?

पक्षी आला तेव्हा ते डोळे मिटून बसले होते. मी म्हटलं, "अजी, उठा. दोन वाजता." त्यांनी मान हलवली. "होत नाही वं मले." मी त्यांना उठवलं, कॅमेरा त्यांच्या हातात दिला आणि मागून त्यांचा कमरेचा पट्टा दोन्ही हातांनी धरला. बोट वर जायची, खाली यायची. दोन वाजता, तीन वाजता, आता डोक्यावर, आता खाली — मी सांगत होते, ते बटण दाबत होते. पंख एकदाही न हलवता तो पक्षी लाटेच्या पोटातून वर यायचा. मग तो आमच्या बाजूला, चार हातांवर, पाण्यात उतरला. गुलाबी चोच. आणि वरच्या चोचीच्या काठाने ओढल्यासारखी एक बारीक काळी रेघ. भटक्या अल्बट्रॉसला ती नसते. शाहीला असते. मी लगेच वहीत लिहिलं; आजोबांना तेव्हा 'अल्बट्रॉस' एवढंच सांगितलं.

तो फोटो सुंदर आला. तुम्ही रोज पाहता तोच.

पवनीला परतल्यावर त्यांनी ही गोष्ट किती जणांना सांगितली असेल! पहिल्या महिन्यात "आम्ही" होतं. नंतर "मी" झालं. मला चाललं — बाईला अशा गोष्टींची सवय असते, असं मी स्वतःला सांगत होते. मग भंडाऱ्याला पक्षीमित्रांचा मेळावा ठरला, आजोबांच्या बावीस फोटोंचं प्रदर्शन ठरलं, आणि ठरवणारी मंडळी आमच्याकडे चहाला आली. मी पोह्यांच्या बशा घेऊन दारात पोचले तेव्हा आजोबा सांगत होते, "आमच्या मॅडम तं बोटीत चढल्या अन् आडव्याच झाल्या! म्हने घरी न्या मले. आता समुद्र म्हंजे काय वैनगंगेतला डोंगा हाय?"

सगळे हसले. एक जण म्हणाला, "काय मॅडम, इंग्रजी कामात नाही आली का तिथं?"

मीही हसले. बशा ठेवल्या. पोह्यांवर लिंबू पिळलं.

त्या दुपारी मी फोटोंखाली लावायच्या नावांच्या बावीस चिठ्ठ्या लिहिल्या. एकवीस बरोबर. बाविसावी घाईत चुकली का? नाही. मी वही उघडून समोर ठेवली होती, खरं नाव समोर होतं, आणि मी माझ्या सगळ्यात चांगल्या अक्षरात लिहिलं — भटका अल्बट्रॉस. रजिस्टरमध्ये त्या सहलीची नोंद करायची राहिली होती; तिथेही तेच लिहिलं. त्या फोटोच्या दोन प्रती होत्या, दोन्हींना तीच चिठ्ठी. एक प्रत मेळाव्याआधीच तुमच्या बाबांना पाठवून दिली.

तुम्हाला वाटेल, रागाच्या भरात झालं असेल. नाही हो. त्यांनी एकदा, फक्त एकदा, माझं लेबल वाचून पुस्तकाशी ताडून पाहिलं असतं तर चूक सापडली असती. पण ज्याचा विश्वास असतो तो ताडून पाहत नाही, हे मला ठाऊक होतं. मी नेम धरला तो त्यांच्या विश्वासावरच.

मेळाव्यात हॉल भरलेला होता. मी तिसऱ्या रांगेत. पडद्यावर फोटो आला, आजोबांनी छाती काढून सांगितलं, "हा भटका अल्बट्रॉस. खुल्या समुद्रात, उभ्या उभ्या ओळखला मी." कॉलेजात शिकवणारी एक मुलगी उठली. अगदी नम्रपणे म्हणाली, "सर, चोचीवर काळी रेघ दिसून राहिली ना. मग हा शाही असन."

आजोबा पडद्याजवळ गेले. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

मागून कोणीतरी ओरडलं, "साहेब, बोट हालत होती म्हून पक्षीच बदलला वाटते!" हशा झाला. बराच वेळ चालला. आजोबांनी वळून माझ्याकडे पाहिलं. दहा वाजता, दोन वाजता — इतकी वर्षं ज्या आवाजावर ते वळत आले, त्याची वाट पाहत होते. मी पर्समध्ये रुमाल शोधू लागले. रुमाल माझ्या हातातच होता.

आणि खरं सांगू? तो हशा मला गोड लागला. हे लिहिताना मी थांबले, खोडावं का असा विचार केला. नाही खोडत.

परतीच्या बसने वाटेतलं अड्याळ गाव मागे टाकलं. आजोबा खिडकीकडे बघत म्हणाले, "तू लिहिलं म्हंजे बरोबरच असन. माह्याच हातून दुसऱ्याच पक्ष्याचा फोटो लागला असन. नजर गेली वं माही."

मी म्हणाले, "असेल."

बस. एवढाच शब्द. चिठ्ठीचं सोडा — आज पुन्हा तीच दुपार आली, त्याच बशा हातात असल्या, तर ती चिठ्ठी मी कदाचित पुन्हा तशीच लिहीन. त्यांनी माझं खोटं सांगितलं, मी त्यांच्या नावावर खोटं चिकटवलं. तिथे आम्ही समोरासमोर उभे होतो. पण बसमधला तो शब्द? त्या माणसाने सगळा दोष स्वतःवर घेतला होता, स्वतःच्या डोळ्यांवर घेतला होता, आणि मी तो तिथेच राहू दिला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रदर्शनातून परत आणलेली प्रत कॅमेऱ्यासकट लोखंडी कपाटात ठेवली. डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टर म्हणाले, नजर ठीक आहे. त्यांचा डॉक्टरवर विश्वास बसला नाही. माझ्या लेबलावर बसला होता ना! काही दिवस बोडीवर रिकाम्या हातांनी गेले. मी मागे चालत होते. एकदा सवयीने तोंडातून निघालं, "अजी, दहा वाजता." ते वळले नाहीत. "राहू दे," म्हणाले. त्यानंतर आम्ही गेलो नाही.

ते पुढे पाच वर्षं जगले. पाच वर्षांत सांगायला किती सकाळी होत्या! रोज बुद्धमूर्तीसमोर आम्ही दोघं पंचशील म्हणायचो, आणि खोटं न बोलण्याचं चौथं शील आलं की मी जरा भरभर म्हणायची. त्यांना वाटायचं, मला चहा ठेवण्याची घाई आहे. आता एकटी म्हणते. अजूनही तिथे भरभरच म्हणते.

तर उत्पला, तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं. आजोबांना कळलं नाही, कारण मी कळू दिलं नाही. फोटो त्यांनी काढला, ओकाऱ्या देत काढला, आणि तो उत्तम काढला. पक्षी मी ओळखला होता. चूक कोणाचीच झाली नव्हती. चिठ्ठी बदलायची की नाही ते तुम्ही ठरवा. मी काही सांगणार नाही.

कॅमेऱ्याच्या भिंगात बुरशी धरली आहे, तो आता चालत नाही. रजिस्टरचे काही कोपरे वाळवीने खाल्ले. ती छोटी वही माझ्या उशाशी आहे. पानावर खाऱ्या पाण्याचा डाग पडला आहे, पण पेन्सिलीचं अक्षर वाचता येतं: शाही. चोचीला काळी रेघ. दोन वाजता.