रत्नागिरीतली खाणावळ

तुम्ही हसणारच आहात, तेव्हा आधी चहा पिऊन घ्या.

मी तेव्हा सोलापुरात एका कचेरीत उमेदवार कारकून होतो. मला कायम करणं हेडक्लार्क भाऊसाहेबांच्या हातात. त्यांच्या कुसुमला रत्नागिरीचं स्थळ सांगून आलं होतं, विश्वनाथपंत म्हणून कुणी, त्यांच्या मुलाचं. मुलगी दाखवायला तिकडं जायचं ठरलं आणि भाऊसाहेबांना एकच घोर लागला, परक्या गावात जेवायचं कुठं?

"रत्नागिरीला माझे मामा होते," मी सहज बोलून गेलो.

"मग तुम्हाला गाव पाठच असेल की. चला आमच्यासंगट."

आता काय सांगणार? मामा माझ्या जन्माआधीच तिथून बदलून गेलेले आणि समुद्र मी फक्त कॅलेंडरवर पाहिलेला. पण नोकरीचा प्रश्न होता. मी मान हलवली.

कोल्हापूरपर्यंत रेल्वे, पुढं आंबा घाटातून सर्व्हिस मोटार. घाटभर भाऊसाहेब कुसुमच्या आईला, काकूंना, धीर देत होते, "जेवणाची काळजी नको. हे बरोबर हायत."

दुपारी धर्मशाळेत सामान टाकलं. मध्यस्थ दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन आम्हाला मुलाकडं नेणार होता. म्हणजे आजचं जेवण माझ्या जिवावर.

मी पुढं, तिघं मागं. कुणाला विचारायची सोय नाही, कारण जाणकार माणूस विचारतो का? उताराच्या गल्ल्या, जांभ्या दगडाच्या भिंती, सगळं एकसारखं. अर्ध्या तासानं काकू म्हणाल्या, "ही विहीर मघाशी पण लागली होती की."

"रत्नागिरीत अशा विहिरी लई," मी म्हणालो आणि कपाळ पुसलं.

तेवढ्यात फोडणीचा वास आला. एका घराच्या ओटीवर केळीच्या पानांची ही एवढी चळत. दोन बायका नारळ खोवताहेत. पायरीशी चपलांचा ढीग. सांगा, तुम्ही काय समजला असता?

पंचा नेसलेले एक पोक्त गृहस्थ बाहेर आले. मी ऐटीत विचारलं, "चार पानं मिळतील का?"

त्यांनी आम्हाला न्याहाळलं. "कुठून आलात?"

"सोलापूर."

"मग चार काय, चाळीस मिळतील. या, पाय धुवा."

"खाणावळवाला लई अगत्याचा दिसतोय," भाऊसाहेब माझ्या कानात म्हणाले. मी तरंगायलाच लागलो.

फणसाची भाजी, कुळथाचं पिठलं, सोलकढी. गृहस्थ स्वतः वाढत होते. मला चेव आला. "अहो, हितं भात आणा. आणि ज्वारीची भाकरी नाही? चांगल्या खाणावळीत भाकरी पाहिजे."

ते क्षणभर थांबले. मग गालात हसून म्हणाले, "चुकलंच. पुढच्या खेपेस ठेवू."

इतक्यात फाटकातून कुणीतरी हाक दिली, "विश्वनाथपंत, तुमची सोलापूरची मंडळी उद्या येताहेत ना?"

"येतील तेव्हा येतील," वाढणारे गृहस्थ म्हणाले.

मी घास परत पानात ठेवला. ती पानं, ते नारळ, सगळी तयारी आमच्याचसाठी चालली होती. भाऊसाहेबांचं लक्ष सोलकढीत. त्यांनी काही ऐकलं नव्हतं. एक भुरका मारून ते काकूंना म्हणाले, "पोटभर जेवून घ्या. उद्या त्या विश्वनाथपंतांकडं काय मिळतंय कुणास ठाऊक. माणूस लई चिकट हाय म्हणे."

मी खोकलो. डोळे मोठे केले. गुडघ्यानं त्यांना ढोसलं.

"यांना ठसका लागलाय, पाणी द्या," भाऊसाहेब म्हणाले आणि पुन्हा सुरू झाले, "लिंबाएवढ्या भातावर थेंबभर तूप वाढतो म्हणे."

विश्वनाथपंत तुपाचं भांडं घेऊन आले. भाऊसाहेबांच्या भातावर धार धरली ती धरलीच. भात बुडाला, तूप पानावरून जमिनीवर आलं.

"बस, बस," भाऊसाहेब म्हणाले.

"घ्या हो. चिकट माणसाच्या घरचं आहे."

भाऊसाहेबांचा हात पानातच राहिला. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मी भिंतीकडं. लग्न मोडलं, नोकरीही गेली, असं मी मनात धरून टाकलं. आणि तेवढ्यात कुसुमला हसू फुटलं. आवरेना. पदर तोंडाला लावून ती हसत राहिली, तशा आतल्या बायकाही हसू लागल्या, आणि शेवटी विश्वनाथपंतांनाच राहवेना. तुपाचं भांडं खाली ठेवून ते मट्कन बसले.

"मुलगी पसंत आहे," डोळे पुसत ते म्हणाले. "लग्नाला आम्ही सोलापूरला येऊ. हुंडा नको, मानपान नको. एकच अट."

"बोला," भाऊसाहेब हात जोडून म्हणाले.

त्यांनी माझ्याकडं बोट दाखवलं. "स्टेशनवर आम्हाला न्यायला यांना पाठवू नका."

वऱ्हाड आलं त्या सकाळी भाऊसाहेबांनी स्टेशनवर करकंब गावच्या मेव्हण्याला धाडलं. तो बिचारा सोलापूर जन्मात दुसऱ्यांदा पाहत होता. मंडळी बिनचूक मांडवात पोचली.