तिसरी अंघोळ

कढतरावांनी सासूला गार पाण्याने न्हाऊ घालून घरातून हाकललं, ही बातमी सकाळी नऊ वाजता तळमजल्यावरच्या शिंपीणबाईंच्या दुकानात फुटली आणि साडेनऊपर्यंत गच्चीवर जाऊन वाळतही पडली. पुरावा भक्कम होता. उशीची शिवलेली खोळ द्यायला शिंपीणबाई वर गेल्या, तर दार सताड उघडं, सासूबाई डोक्याला फेस तसाच ठेवून बाहेरच्या खोलीत उभ्या, आणि "माझी बॅग काढा" हे वाक्य बाईंनी स्वतःच्या कानांनी ऐकलेलं.

आता खोटं कशाला बोला? फेस खरा, बॅगही खरी. हाकलणं तेवढं शिंपीणबाईंनी स्वतःच्या दोऱ्याने जोडलेलं.

कढतरावांचं मूळ नाव लाइटबिलावर असतं, बाकी कुठेच नाही. घरोघरी हीट पंपचे गिझर बसवायचे आणि बिघडले तर दुरुस्त करायचे, हा त्यांचा धंदा. माणूस कामाला चोख. पाइप बसवून झाला की त्यावरून असा हात फिरवतील, की बायकोला वाटावं, माझ्या डोक्यावरून तरी कधी फिरवलाय का. आणि त्यांचा एक नियम होता. यंत्र चालू झालं, पाणी तापलं, तरी गडी कागदावर गिऱ्हाइकाची सही घेत नसे. घरातल्या तीन माणसांनी एकामागोमाग अंघोळ करायची, तोवर हे बाहेर स्टुलावर घड्याळ लावून बसणार.

"पहिली अंघोळ टाकीची, दुसरी नशिबाची," ते म्हणत. "यंत्राची परीक्षा तिसरीला."

घरात दोनच माणसं असली, तर शेजाऱ्याला बोलावून न्हाऊ घालत. एकदा एका एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्याकडे तर दोन शेजारी न्हाले आणि तिसरे स्वतः कढतरावच आत शिरले. संध्याकाळी घरी आले ते सुगंधी साबणाचा वास घेऊन. बायकोने दारातच विचारलं, "आज कोणाकडे न्हालात?"

पण दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा, की त्यांच्या स्वतःच्या घरात वीस वर्षांचा कुरकुरणारा जुना गिझर होता. बायको बोलून थकली. शेवटी तो बदलला, तो सासूबाईंच्या निमित्ताने.

सासूबाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. एकट्या राहायच्या. पाणी स्टोव्हवर तापवून बादली स्वतः उचलायच्या, आणि गेल्या थंडीत त्या बादलीसकट पडल्या. गुडघा सुजला. मुलीचा जीव खालीवर. "आई, आता इकडेच राहा," म्हणून तिने वर्षभर टुमणं लावलं, तेव्हा बाई एकदाच्या कबूल झाल्या. पण अट घालूनच.

"आठ दिवस राहून बघते. सकाळी सहाला मला कढत पाणी लागतं, गुडघ्यासाठी. एक दिवस जरी कोमट आलं, तर मी माझ्या घरी."

"आई, तुझा जावई कोण आहे, विसरलीस का?"

"त्याच्यावरच तर विश्वास ठेवून येतेय."

या एका वाक्याने कढतरावांची छाती इंचभर फुगली, आणि सगळा घोटाळा तिथेच झाला. अडगळीच्या खोलीत त्यांनी नवीकोरी उंच टाकी उभी केली, वर यंत्र, यंत्राला पंखा. हवा कमी पडली तर मदतीला म्हणून टाकीत विजेची कॉइल असते, ती यांनी तोऱ्यात बंदच ठेवली. "कुबड्या घेऊन पळतं कोण?" तीन अंघोळींचा नियम? छे! घरच्या घरात कसली परीक्षा! आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला ते पंख्यासमोर हात धरायला लावून यंत्र समजावून सांगत, तेही राहिलं. घरचीच माणसं, त्यांना काय सांगायचं?

दोन सकाळी पाणी असं आलं, की आरशात तोंड दिसेना. सासूबाई खूश. मुलगी तर आईचं कपाट लावायलाही लागली.

तिसऱ्या सकाळी उठायला सगळ्यांनाच उशीर झाला. सासूबाईंनी केसांना शाम्पू लावला आणि नळाचं पाणी कोमट झालं. मग गार. बाई गाउन अंगावर ओढून तशाच बाहेर आल्या. आवाज वाढवला नाही. वर्गात पोरं फार दंगा करत तेव्हा म्हणे त्या असाच हळू आवाज काढायच्या.

"जावईबापू, माझी बॅग काढा."

खोळ घेऊन शिंपीणबाई दारात पोचल्या त्या नेमक्या याच मुहूर्तावर. पुढचं बघायला थांबल्या असत्या, तर गावभर बोंब झाली नसती.

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. कालच लावलेलं कपाट त्या नजरेत होतं. कढतराव पाना घेऊन अडगळीच्या खोलीत धावले आणि दारातच थबकले.

यंत्राने शाल पांघरली होती. जाड, लोकरीची, तपकिरी शाल, चारही बाजूंनी व्यवस्थित गुंडाळून सेफ्टी पिना लावलेली. हवा आत घेणारी जाळी शालीखाली पार बुजली होती. शाल काढून आत पाहिलं, तर पात्यांवर पांढराशुभ्र बर्फ.

कढतराव शाल हातात धरून उभे राहिले. शाल कोणाची हे सांगायला पंचांग लागत नव्हतं. सांगावं, तर बाई लाजून निघतील; न सांगावं, तर चिडून. बायको मागे येऊन उभी राहिली. तिने शाल पाहिली आणि कपाळावर हात मारला.

"ती शाल माझी आहे," दारातून आवाज आला. फेस आता कानावर ओघळत होता. "काल संध्याकाळी हात लावून पाहिलं. गार वारा सोडत होतं बिचारं. म्हटलं, हे स्वतःच काकडतंय, मला काय ऊब देणार?"

बायकोने खालचा ओठ दातांत दाबून धरला. कढतराव मात्र हसले नाहीत. वितळलेला बर्फ त्यांनी फडक्याने टिपला, यंत्र चालू केलं, सासूबाईंचा हात आधी एका बाजूच्या जाळीसमोर धरला, मग दुसऱ्या.

"इकडून खोलीतली हवा आत घेतं. तिच्यातली ऊब काढून पाण्याला देतं. उरलेली गार हवा तिकडून सोडतं. गार वारा आला, की समजायचं, गडी कामावर आहे."

"आणि मी त्याचं नाक दाबलं."

"हो."

"हे सगळ्या गिऱ्हाइकांना सांगता?"

"सगळ्यांना."

"मग मला का नाही सांगितलंत?"

कढतरावांनी पान्याकडे पाहिलं. मग शालीची घडी घालायला घेतली.

"म्हणजे शिकवलं नाही आणि परीक्षा घेतली," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "नापास कोण?"

"मी," कढतराव म्हणाले. "कॉइलही मीच बंद ठेवली होती. तेवढी चालू असती, तरी भागलं असतं."

बाईंनी कानावरचा फेस पुसला. मग मुलीला म्हणाल्या, "बॅग राहू दे. रविवारी फेरपरीक्षा. आणि आधी माझं डोकं धुवायचं बघा कोणीतरी." तीनशे घरांत गरम पाणी पोचवणाऱ्याच्या घरी त्या दिवशी गॅसवर पातेल्यात पाणी तापलं.

रविवारी कढतरावांनी नियम पाळला. पहिली अंघोळ त्यांची, दुसरी बायकोची, तिसरी सासूबाईंची. नवराबायको स्टुलावर अर्धे अर्धे टेकले, समोर घड्याळ. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. विसाव्या मिनिटाला दार उघडलं आणि वाफेच्या ढगातून लालबुंद सासूबाई बाहेर आल्या. त्यांनी कागद मागितला, चष्मा लावला, सही केली आणि खाली शेरा मारला: "समाधानकारक. शिकवण्यात सुधारणेस वाव."

मुलीने त्याच दुपारी बॅग माळ्यावर टाकली, पार मागे, ट्रंकेच्याही पलीकडे. बाईंनी ती टाकताना पाहिली आणि शाल तेवढी परत मागितली.

दुसऱ्या दिवशी कढतराव कामाला निघाले, तर शिंपीणबाई दुकानाच्या पायरीवर बसल्याच होत्या.

"काय हो कढतराव, तीनशे घरांत तुमचं यंत्र चालतं, आणि नेमकं तुमच्याच घरात गारठलं?"

कढतरावांनी हत्यारांची पेटी दुसऱ्या हातात घेतली आणि म्हणाले, "त्या तीनशे घरांत यंत्र माझं होतं आणि सासू दुसऱ्याची."