पडदेआत्याने बाथरूमसकट घर घेतलं

पडदेआत्याला घरं तोंडपाठ होती. तिचं स्वतःचं एकही नव्हतं, ती गोष्ट वेगळी.

तीस वर्षं ती पडदे शिवत होती. माप घ्यायला निघाली की गळ्यात टेप, पिशवीत पेन्सिल आणि एक स्क्रू ड्रायव्हर. खिडकीचं माप घ्यायला पाच मिनिटं लागतात, पण खिडकीपाशी गप्प उभं राहिलं की घर आपणहून बोलायला लागतं, असं तिचं म्हणणं. ओल कुठे आहे, समोरचं कोण डोकावतं, ऊन कुठल्या खोलीत येतं आणि कुठल्या खोलीत येतं असं नुसतं सांगितलं जातं, हे सगळं तिला समजायचं. तिला खरं नावही होतं, पण ते फक्त दवाखान्यात पुकारलं जायचं. भाच्याने लहानपणी ‘पडदेआत्या’ अशी हाक मारली, ती गल्लीने उचलली, आणि पुढे पुढे तिच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठी माणसंही तिला आत्या म्हणू लागली.

गल्लीत कुणी पहिल्यांदा घर घ्यायला निघालं की आधी आत्याकडे यायचं. आत्या शिलाई मशीनवरून मान वर न करता सल्ला द्यायची.

“घर बघायला उपाशी जाऊ नये. उपाशी माणसाला कुठलंही स्वयंपाकघर आवडतं.”

“बरं.”

“पोट भरूनही जाऊ नये. मग कुठलीही बेडरूम आवडते.”

“मग जावं तरी कसं?”

“एक बिस्कीट खाऊन.”

याशिवाय, नवा रंग दिसला की खाली काय लपलंय ते विचारायचं. सगळे नळ एकदम सोडायचे. प्रत्येक दार आतून कडी लावून बघायचं. आणि एजंटाबरोबर घर बघितलं की तेच घर एकदा एजंटाशिवाय बघायचं, कारण एजंट नेमका बुरशीसमोर उभा राहतो.

तिचे यजमान, ज्यांना सगळे आतोबा म्हणत, छापखान्यात मुद्रितं तपासून निवृत्त झाले होते. निवृत्त झाले ते नुसते पगारातून. बिस्किटाच्या पुड्यावरचा मजकूरसुद्धा ते लाल पेन घेऊन वाचत. बायकोच्या या घरं बघण्याच्या नादाबद्दल त्यांचं एकच मत होतं. “ही लोकांची लग्नं जुळवते, आणि आम्ही दोघं अजून मांडवाबाहेर.”

तर, यंदा भाचा आणि त्याची बायको घर घ्यायला निघाले. दोघं नव्याने संसाराला लागलेली, दोघांनाही सगळंच आवडायचं. पहिलं घर बघितलं, आवडलं. दुसरं बघितलं, तेही आवडलं. एका घरात तर चुकून शेजारच्यांच्या दारात शिरले, तिथलं जेवणाचं टेबलही आवडलं. तेव्हा भाच्याची आई म्हणाली, “अरे, आत्याला घेऊन जा, नाहीतर तुम्ही जिना विकत घेऊन याल.”

आत्या निघाली. एजंट बरोबर होताच. हा गृहस्थ कुठल्याही दारातून आत पाऊल टाकलं की दोन्ही हात पसरून म्हणायचा, “हवेशीर!” तळघरातल्या खोलीलाही तो हवेशीर म्हणाला. खिडकी नसलेल्या कोठीलाही म्हणाला. तिसऱ्या घरापर्यंत आत्याने त्याचं नावच हवेशीर ठेवलं, आणि त्यालाही ते कौतुकच वाटलं.

आत्याने घरं भराभर निकालात काढली. एका घरात तिने भिंतीला कान लावला आणि म्हणाली, “पलीकडे कुणीतरी घोरतंय. भरदुपारी. रात्री काय करत असेल?” दुसऱ्या घरात नळ सोडला तर पाणी आलं नाही, पाली आल्या. तिसऱ्या घरात बैठकीच्या खोलीच्या मधोमध खांब होता. भाचेसून म्हणाली, “किती वेगळं आहे ना!” आत्या म्हणाली, “अगं, रोज पाहुण्यांशी खांबाआडून बोलणार आहेस का? लपाछपी खेळायची असेल तर बागेत जा.”

भाचा-सून हिरमुसली. हवेशीरचं हसू मात्र जागचं हललं नाही. तो म्हणाला, “मावशी, आता जे दाखवतो ना, त्यात खोट काढून दाखवा.”

चौथ्या मजल्यावरचं घर होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे हातभर गॅलरी. आत्या खिडक्यांपाशी उभी राहिली. चार खिडक्या, चारही सरळ. शिवणाऱ्याला सरळ खिडकी म्हणजे काय, ते शिवणाऱ्यालाच विचारावं. तिने बाहेर बघितलं, कोपरे बघितले, भिंतीवरून हात फिरवला. खोट सापडेना. ती अस्वस्थ झाली. पिशवी हवेशीरच्या हातात देत म्हणाली, “बाथरूम कुठाय?”

“हे बघा. आणि दाराखाली फट अजिबात नाही. पाण्याचा एक थेंब बाहेर येणार नाही.”

आत्या आत गेली, दार लोटलं, आतून कडी लावली. कडी झकास लागली. मग उघडायला गेली, तर कडीची मूठ हातात आली. नुसती हातात आली नाही, हातातच राहिली. कडी तिथेच दारात अडकलेली.

“हवेशीर,” आत्या आतून म्हणाली, “खोट सापडली.”

बाहेर एकच गोंधळ उडाला. भाच्याने सिनेमात करतात तसा खांद्याने धक्का दिला. दाराला काही झालं नाही. भाच्याचा खांदा धरून भाचेसून खाली बसली. हवेशीरने सुताराला फोन लावला. सुतार दोन तासांनी येतो म्हणाला. हवेशीर दाराला पाठ टेकून उभा राहिला आणि आतल्या बाईला धीर देऊ लागला.

“मावशी, अजिबात घाबरू नका. बाथरूम हवेशीर आहे!”

आत्या घाबरणाऱ्यांपैकी नव्हती. तिने आधी सवयीने बाथरूमचं माप घेतलं, टेप गळ्यात होतीच. मग बादली उलटी करून तिच्यावर बसली. वरच्या लहान खिडकीतून ऊन आलं होतं आणि पांढऱ्या फरशीवर त्याचा चौकोन पडला होता. ती त्याच्याकडे बघत राहिली. एवढ्यात खिडकीपलीकडून आवाज आला.

“कोण आहे तिकडे? ते घर तर रिकामं आहे ना?”

आत्या बादलीवर चढली. दोन घरांच्या मधल्या अरुंद बोळकंडीपलीकडे समोरच्या घराची तशीच खिडकी होती, आणि तिच्यात तोंडाला साबण लावलेली एक बाई.

“मी घर बघायला आलेय,” आत्या म्हणाली.

“बाथरूममधून?”

“कडी अडकलीय.”

“अगंबाई! ती कायमच अडकते. आधीचे लोक कडी न लावता गाणं म्हणायचे.”

समोरची ही बाई दवाखान्यात परिचारिका होती, रात्रपाळीची झोप काढून नुकतीच उठलेली. तिने तोंड धुतलं आणि खिडकीतच ठाण मांडलं. आत्याने जे प्रश्न तीस वर्षं दुसऱ्यांसाठी विचारले होते ते सगळे पुन्हा विचारले, आणि पहिल्यांदाच हवेशीर मध्ये नसताना उत्तरं मिळाली. पाणी सकाळी दहापर्यंत बारीक येतं, मग धो धो. लिफ्ट महिन्यातून एकदा रुसते. सोसायटीच्या मीटिंगमध्ये भांडणं होतात, पण चहा चांगला असतो. खालच्या मजल्यावर एक गृहस्थ ट्रम्पेट वाजवतात.

“दिवसभर?”

“नाही हो, चार ते पाच. पाचव्या मिनिटाला चुकतात, तिथून परत सुरुवात करतात. आम्हाला आता ती चूक पाठ झालीय. परवा एकदा चुकले नाहीत, तर अख्खी इमारत घाबरली. म्हटलं, बरं नाही की काय!”

आत्या हसली. असं हसली की बाहेर हवेशीरला वाटलं, बाईंचं डोकं फिरलं. “मावशी, पाणी मारा तोंडावर!” तो ओरडला.

परिचारिकेने कपडे वाळत घालायची काठी आणली, तिला लहान किटली अडकवली आणि खिडकीतून खिडकीत चहा पाठवला. मागोमाग दोन बिस्किटंही, पिशवीत बांधून. मग तिने खालच्या ट्रम्पेटवाल्यांना हाक मारली. ते दोन मिनिटांत तिच्या खिडकीत हजर. हे जुने अग्निशामक दलातले. त्यांनी दाराची सगळी हकीकत ऐकली आणि भुवया जवळ आणून विचारलं, “दार कुठल्या बाजूला उघडतं?”

“आत.”

“म्हणजे बिजागऱ्या तुमच्या बाजूला. ताई, तुम्हाला आम्ही काढू शकत नाही. तुम्हीच निघायचं. स्क्रू ड्रायव्हर चालवता येतो का?”

“अहो, शंभर घरांत पडद्यांच्या दांड्या ठोकल्यात मी! पण माझा स्क्रू ड्रायव्हर पिशवीत, आणि पिशवी त्या हवेशीरकडे.”

ट्रम्पेटवाल्यांनी खाली जाऊन आपला आणला. काठीला बांधून पलीकडून आला. आत्याने खालची बिजागरी सोडवली, मग मधली, मग बादलीवर चढून वरची. उतरून कोपऱ्यात भिंतीला चिकटली आणि दार आत ओढलं.

आता, दाराला पाठ टेकून हवेशीर उभा आहे हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. दार आत आलं, दारावर हवेशीर आला, आणि हवेशीरच्या हातातली पिशवी आली. बादली कडाडली. सगळं शांत झाल्यावर हवेशीर दारावर उताणा पडलेला, छताकडे बघत. बोळकंडीपलीकडून दोन्ही शेजाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या.

“लागलं का रे?” आत्याने विचारलं.

“नाही मावशी,” हवेशीर क्षीण आवाजात म्हणाला. “छताला ओल नाहीये. आत्ताच बघितलं.” त्याच्या तोंडून निघालेलं ते पहिलं खरं वाक्य असावं.

भाचेसून हळूच म्हणाली, “आत्या, आम्हाला नको हे घर. बाथरूम लहान आहे.”

“लहान नाहीये. साडेपाच बाय चार. मोजलंय मी.” आत्या रिकाम्या चौकटीत उभी होती, एका हातात मूठ, दुसऱ्या हातात रिकामी किटली. “पण तुम्हाला नको ना? नक्की नको?”

“नको.”

“मग मी घेते.”

भाचा खांदा विसरला. “आत्या, तू? तू सल्ला देतेस. तू घेत नाहीस.”

“म्हणून तर,” आत्या म्हणाली. का, ते तिला नीट सांगता आलं नाही. एवढंच आठवत होतं की किटली बोळकंडीवरून झुलत आली तेव्हा आपल्या मनात आलं होतं, टॉवेलची दांडी त्या उन्हाच्या शेजारी लावावी. दुसऱ्यांच्या घरात असं तिच्या मनात कधी आलं नव्हतं.

घरी आतोबा शब्दकोडं सोडवत होते.

“अहो, मी घर घेतेय.”

“कुणाचं माप?”

“माप नाही. घर. आपल्याला.”

आतोबांनी पेन खाली ठेवलं. मग परत उचललं. “उपाशी गेली होतीस की काय?”

“दोन बिस्किटं खाल्ली. तिथेच.”

बँकेतल्या मुलीने तिला ‘प्रथमच घर घेणाऱ्यांसाठी सूचना’ असं पत्रक दिलं. आत्याने ते उभ्या उभ्या वाचून परत केलं. म्हणाली, “शेजाऱ्यांबद्दल यात एक अक्षर नाही. कुणी लिहिलंय हे? एकटा राहत असणार.”

राहिला होता करारनामा. वकिलाने तो पाठवला आणि आतोबांच्या हाती आयतं घबाड लागलं. पहिल्या दिवशी त्यांनी ‘सदनिका’च्या जागी छापलेली ‘सदानिका’ सात ठिकाणी दुरुस्त केली. दुसऱ्या दिवशी स्वल्पविराम. वकिलाला फोन करून म्हणाले, “पान चारवर तुम्ही ‘गच्ची’ऐवजी ‘गच्छ’ लिहिलंय. आम्ही घर घेतोय, निघून जात नाही.” वकिलाने कपाळाला हात लावला. आत्याही वैतागली. “अहो, सही करा ना! ऱ्हस्वदीर्घाने काय भिंत पडणार आहे?”

तिसऱ्या दिवशी आतोबा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. चेहरा असा, की जन्मभर ज्या चुकीची वाट पाहिली ती भेटली.

“आपलं घर कितव्या मजल्यावर?”

“चौथ्या.”

“यात तिसरा लिहिलाय. आणि क्रमांकही तिसऱ्या मजल्यावरचा.” त्यांनी कागद पुढे धरला. “सही केली असती तर आपण त्या ट्रम्पेटवाल्यांचं घर घेतलं असतं. ट्रम्पेटसकट.”

आत्याने पोळपाट, लाटणं तसंच सोडलं आणि खुर्चीत बसली. तीस वर्षं तिने लोकांना नळ, कड्या, भिंती तपासायला शिकवलं होतं. कागद वाचा, हे एकदाही सांगितलं नव्हतं.  आतोबांनी मोठ्या मनाने विषय वाढवला नाही, पण त्या दिवशी जेवताना त्यांनी दोनदा शीळ घातली.

महिनाभराने दोघं राहायला गेली. भाचा-सुनेनेही पुढच्याच आठवड्यात घर घेतलं. गॅलरीतून इंद्रधनुष्य दिसलं म्हणून पंधरा मिनिटांत, एकही नळ न सोडता. घर उत्तम निघालं. आत्या त्यांच्याकडे गेली की गप्प बसून भिंतींकडे बघायची. खोट काही सापडेना, आणि तिला दोन घास कमी जायचे.

नव्या घरात पहिल्या दिवशी आतोबा हातोडी घेऊन भिंतीसमोर उभे राहिले. आजवरच्या एकाही घरमालकाने भिंतीला खिळा मारू दिला नव्हता. संसाराच्या चौतीस वर्षांत एकही खिळा नाही. त्यांनी एक मारला. कुणी ओरडलं नाही. दुसरा मारला. मग त्यांना आवरेना. आत्या म्हणाली, “अहो, लटकवायचं काय आहे? एक कॅलेंडर!” पण तोवर अकरा झाले होते, आणि बारावा तिने स्वतः मारला.

दारावर थाप पडली. खालचे ट्रम्पेटवाले होते, हातात वाद्य.

“ताई, चार वाजून गेलेत. तुमच्या ठोक्यांवर माझा ताल गेला. आज मी दुसऱ्याच मिनिटाला चुकलो.”

आतोबा ओशाळले. आत्याने त्यांना आत बोलावलं, चहा टाकला, समोरच्या परिचारिकेलाही खिडकीतून हाक मारली. चौघांत बराच खल झाला आणि शेवटी ठरलं. ट्रम्पेट चार ते पाच, खिळे तीन ते चार.