मास्तर उंबऱ्यात आडवे पडले

मास्तरांचा डावा हात मी मोडला. सोबत चुलतभाऊ होता, आणखी चौघे होते, पण हातावर बसली ती काठी माझी.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची ही गोष्ट. माझं वय बावीस. सारंगखेड्याच्या खालच्या अंगाला, तापीच्या दक्षिण काठावर आमचं गाव. काळी जमीन, गोठ्यात बारा बैल आणि अंगात मस्ती. गावाबाहेर भिलाटी होती. तिथली माणसं आमच्याकडे सालाने राबायची. त्या भिलाटीत मिशनने एक मास्तर ठेवला होता. तोही भिल्लच, तळोद्याकडचा, मिशनच्या शाळेत शिकलेला. बायकोबरोबर कुडाच्या झोपडीत राहायचा. पोरांना अक्षरं शिकवायची आणि रविवारी प्रार्थना घ्यायची, एवढंच त्याचं काम. आज मी त्यांना 'ते' म्हणून लिहितो. तेव्हा 'ए मास्तर' म्हणायचो.

खळ्यावर ज्वारीची मळणी चालली होती. अवकाळी आभाळ भरून आलेलं, आणि त्या रविवारी एकही सालदार कामावर आला नाही. वडील ओसरीवर येरझारा घालत म्हणाले, "भिलाटीमा आते राज कोनं शे? आपलं का त्या मास्तरनं?"

आम्हाला तेवढं पुरलं.

आम्ही पोचलो तेव्हा झोपडीपुढे गाणं चाललं होतं. चुलतभावाने आधी ढोलकीवर पाय दिला. मास्तर उठले, पुढे आले आणि हळूच म्हणाले, "भाऊ, जे करनं शे ते मन्हासंगे करा. पन नदीकडे चला. आठे पोरे देखी ऱ्हायनात."

त्या बोलण्याचाच मला राग आला. सगळ्यांनी बघावं म्हणूनच तर आम्ही आलो होतो. मी काठी उगारली, त्यांनी डोक्यावर हात धरला. हाड तुटलेलं मला काठीतून माझ्या मुठीत कळलं. ते खाली पडल्यावर चुलतभावाने बरगड्यांत लाथा घातल्या. त्यांची बायको मध्ये आली, तर तिला केसांना धरून बाजूला फेकलं. बाकीचे लोक कुडाला चिकटून बसले होते. दुपारपर्यंत सगळे सालदार खळ्यावर हजर झाले. वडील खूश झाले, आणि त्यांच्याकडे बघून मीही झालो.

मास्तर आता गाव सोडणार, असं आम्ही धरून चाललो होतो. ते गेले नाहीत. तक्रारही केली नाही. हात मात्र वाकडा जुळला. कोपरातून तो सरळ होईना, बोटांत जोर राहिला नाही. रस्त्यात दिसलो की ते "राम राम, भाऊ" म्हणायचे. मी तोंड फिरवायचो.

पुढच्या वर्षी आमच्याच घरात रक्त सांडलं. वडील आणि चुलते यांची वाटणी झाली होती, पण नदीकडच्या शेतातला बांध दोघांच्याही डोळ्यांत सलत होता. ते नांगराची चार तासं इकडे कोरायचे, आम्ही चार तिकडे. बायकांची बोलणी बंद झाली होती. एका सकाळी मी कुदळ घेऊन बांध सारखा करायला गेलो. चुलतभाऊ समोरून आला. भिलाटीत माझ्या खांद्याला खांदा लावून आलेला हाच तो.

"कुदय ठेव खाले," तो म्हणाला.

"तुन्हा बापनी जमीन शे का ही?" मी म्हणालो.

त्याच्या हातात कुऱ्हाड आहे हे मी पाहिलं होतं. पण ती माझ्यावर चालेल असं वाटलं नव्हतं. पहिला घाव मांडीत बसला. मी वळलो तर दुसरा खांद्यावर. पडता पडता मला माझ्याच मांडीतलं पांढरं हाड दिसलं. तो माझ्याकडे बघत क्षणभर थांबला. त्याचा चेहरा लहान झाला होता, कपबशी फोडलेल्या मुलासारखा. मग कुऱ्हाड तिथेच टाकून तो पळाला.

किती वेळ ओरडलो ते आठवत नाही. पुढे आवाज फुटेना. काळ्या मातीत रक्त जिरत नव्हतं, डबकं साचत होतं. मान वळवली तर बांधावर एक माणूस बसलेला दिसला. मास्तर. शेजारच्या वस्तीवरून परत येत असावेत. ते नुसते बसले होते आणि माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, डोळ्यांना भास होतो आहे. मी डोळे मिटले.

उघडले तेव्हा ते माझ्यावर वाकले होते. स्वतःचं धोतर फाडून मांडीला आवळत होते. डाव्या हाताने ओढ बसत नव्हती, म्हणून गाठीचं एक टोक त्यांनी दातांत धरलं होतं. मग त्यांनी भिलाटीतून माणसं हाकारली. वर्षभरापूर्वी आमच्या काठ्या बघणारीच ती माणसं. त्यांनी गाडी जुंपली आणि मला नंदुरबारला मिशनच्या दवाखान्यात नेलं. दिवसभर गाडी धक्के खात होती आणि दिवसभर मास्तर माझ्या मांडीवर गुडघा दाबून बसले होते.

डॉक्टरांनी टाके घातले. दुसऱ्या दिवशी दुपारी वडील आले. खाटेजवळ उभे राहून त्यांनी एवढंच विचारलं, "कोनी?"

मी नाव सांगितलं. वडिलांच्या जबड्याची शीर उडायला लागली. "आते त्याना घरमा एकबी गडी जिता ठेवाव नही," ते म्हणाले.

मास्तर भिंतीशी बसले होते. ते उठून माझ्या कानाशी आले. "भाऊ, तुमी बापले थांबाडा. आते त्या फक्त तुमनं आयकतीन."

मी वडिलांकडे बघून म्हणालो, "आबा, पहिले त्याना हात तोडा."

हे मी म्हणालो. ज्या माणसाने माझं रक्त थांबवलं, त्याच्या देखत म्हणालो. मास्तर माझ्याकडे बघत राहिले. मग बाहेर गेले आणि वडिलांच्या गाडीत मागच्या बाजूला जाऊन बसले. वडील उतर म्हणाले, तरी उतरले नाहीत. "तुमना पोऱ्याले मी आठलोंग आनं," ते म्हणाले, "माले गावलोंग ली चला." ज्याने पोरगा वाचवला त्याला गाडीतून ढकलणं वडिलांना जमलं नाही.

पुढचं मला आमच्या गाडीवानाने सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी वडील आणि माझे दोन मामा कुऱ्हाडी घेऊन चुलत्याच्या दारात गेले. चुलतभाऊ आत लपला होता. मास्तर त्यांच्या आधी धावत गेले आणि दारात उभे राहिले.

"सरक," वडील म्हणाले.

"नही सरकाव, आबा."

वडिलांनी कुऱ्हाडीच्या तुंब्याने, म्हणजे पात्याच्या मागच्या बोथट बाजूने, त्यांच्या कानावर मारलं. ते पडले. चौकट धरून पुन्हा उठले. कानातून रक्ताची धार मानेवर आली होती. वडिलांनी पुन्हा मारलं. या वेळी पाय गेले, तसे मास्तर उंबऱ्यात आडवे पडले आणि चांगल्या हाताने चौकटीचं खालचं लाकूड धरून राहिले. एका मामाने त्यांचा पाय धरून ओढायला सुरुवात केली. पोटरी सोलली गेली, पण हात सुटला नाही. वडिलांनी आता पातं पुढे केलं. मास्तर वर बघून एकच बोलत होते, "जिता शे, आबा. तुमना पोऱ्या जिता शे." बोलता बोलता त्यांची जीभ जड झाली, शब्द कळेनासे झाले, तरी ओठ तेच म्हणत होते.

पडलेल्या माणसाला ओलांडायचं नाही, एवढं आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. वडिलांनी पाय उचलला आणि परत ठेवला. मामाला म्हणाले, "सोड त्याना पाय." आणि भर गल्लीत, धुळीत, खाली बसले. आतून चुलती रडायला लागली. दुपारी चुलतभाऊ स्वतः फौजदाराकडे गेला.

फौजदाराने मास्तरांचाही जबाब घेतला. ते म्हणाले, "मी मन्हा पायवर कुऱ्हाडखाल गऊ. मन्ही काही तक्रार नही."

त्यांना माझ्याच दवाखान्यात आणलं, माझ्या बाजूच्या खाटेवर. उजवा कान कायमचा गेला. चालताना ते एका अंगाला कलायचे. एका सकाळी मी विचारलं, "मास्तर, तुमी माले कसाले वाचाडं?"

त्यांनी चांगला कान माझ्याकडे केला. मी पुन्हा विचारलं.

"खोटं बोलाव नही," ते म्हणाले. "तुमले पडेल देखं तव माले बरं वाटनं. मी बांधवर बठनू. म्हंतं, मरू दे. येशूले सांगं, आज माले काही सांगू नको. मंग तुमी मायले हाका मारी ऱ्हायंतात. मन्हाघाई बसाये नही. इतलंच."

म्हणजे ते मला खरोखरच दिसले होते. मी त्यांचा वाकडा हात धरला आणि रडलो. त्यांनी तो तसाच राहू दिला.

त्यांची बायको रोज भाकरी घेऊन यायची. मी तिच्या पाया पडायला गेलो, तशी ती मागे सरकली. "त्यासनी माफ करं व्हई," ती म्हणाली. "मी नही." मला तिचा राग आला नाही. अजूनही येत नाही. पुढे कित्येक वर्षं मी दिसलो की ती पदर ओढून दुसऱ्या बाजूने जायची.

मी ख्रिस्ती झालो नाही. वडील मास्तरांकडे कधी गेले नाहीत. त्यांचं नाव निघालं की उठून गोठ्यात जायचे. बांध जिथे होता तिथेच आहे. काही वर्षांनी मास्तर तापाने गेले. भिलाटीच्या पलीकडे त्यांना पुरलं, तेव्हा आमच्या आळीतून मी एकटाच गेलो होतो. लंगडत गेलो. मांडी तेव्हापासून तशीच आहे.

त्याच साली चुलतभाऊ तुरुंगातून सुटला. चुलते तोवर वारले होते, आणायला जायला घरात कुणी नव्हतं. चुलतीने मला जा म्हणून निरोप धाडला नाही. मीच गाडी जुंपून नंदुरबार टेसनावर गेलो. तो फलाटावर बोचकं घेऊन उभा होता, केस पांढरे झालेले. मला बघून दोन पावलं मागे गेला. माझ्या मांडीतली जुनी जखम ठणकायला लागली. त्याच्याबद्दल माया वाटली, असं मी लिहिणार नाही. परत फिरावं असंच वाटत होतं.

मी बोचकं घेऊन गाडीत ठेवलं. तो अगदी मागच्या टोकाला, माझ्याकडे पाठ करून बसला. शहर मागे पडलं, रस्त्याचा फुफाटा उडायला लागला. तो खोकत होता.

"म्होरे ये," मी म्हणालो. "मांगे धूय लागस."